एकाच वयाचे बेचाळीस ठिपके

आमच्या सीटी विभागात नवीन मशीन आलं तेव्हाच मी सांगून टाकलं, की मला हे काही पसंत नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. पण सदतीस वर्षं मिरजेतल्या एकाच हॉस्पिटलात लोकांच्या आतले फोटो काढणाऱ्या बाईला न विचारता बोलायचा हक्क असतो, असं माझं मत आहे.

मी मंदाकिनी आवटी, सीटी टेक्निशियन, रिटायर व्हायला चार महिने बाकी. २००१ साली नोकरीला लागले तेव्हा अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्म हातानं धुवाव्या लागत. घरी गेले की आई दारातच ओरडायची, "आधी आंघोळ, मग स्वयंपाकघरात पाय!" इतका त्या औषधांचा वास अंगाला बसायचा. ओली फिल्म घेऊन डॉक्टर खिडकीशी जायचे, उजेडात धरायचे, आणि मागे पेशंटचे सगळे नातेवाईक माना वर करून उभे. फिल्म उलटी धरली तरी "हां, दिसतंय दिसतंय" म्हणणारे. ग्रहणाच्या आदल्या दिवशी तर आमची अख्खी गल्ली जुन्या फिल्म मागायला दारात. डोळे जातील म्हणून मी कानीकपाळी ओरडायची, कोण ऐकतंय! आता खिडकी नाही, फिल्म नाही आणि गर्दीही नाही. सगळं पडद्यावर. मला त्या दिवसांची आठवण येते आणि ते सांगायला मला काही लाज वाटत नाही.

तर हे नवीन मशीन. जुनं सीटी काय करायचं, तर क्ष-किरण शरीरातून आरपार सोडायचं आणि पलीकडे किती पोचले ते मोजायचं. हाडात जास्त अडले की पांढरं, हवेत कमी अडले की काळं. बाजाराच्या पिशवीचं नुसतं वजन करावं तसं. नवीन मशीन पिशवीतला एकेक जिन्नस बघतं. पलीकडे पोचलेला किरणांचा प्रत्येक कण ते सुटा मोजतं, त्यात किती जोर उरलाय तेही टिपतं, आणि त्यावरून वाटेत त्याला कॅल्शियम भेटलं की फॉस्फरस की लोह, हे सांगतं.

शरीरात जखम भरली की त्या जागी हळूहळू चुना साचतो. तो आधी भुसभुशीत असतो, मग वर्षागणिक घट्ट होत जातो आणि त्यातल्या घटकांचं प्रमाण बदलत जातं. हा बदल इतका नेमानं होतो, की प्रमाण मोजून जखमेचं वय काढता येतं. चार-सहा महिने इकडे-तिकडे. हा वय काढणारा भाग गेल्या दिवाळीनंतर आमच्या मशीनला जोडला गेला. आमच्या स्टाफनं त्याचं नाव ठेवलं पंचांग.

या पंचांगानं काय काय उकरून काढलं म्हणून सांगू! एक सत्तरीच्या आजी खांदा दुखतो म्हणून आल्या होत्या. पंचांग म्हणालं, बरगडी मोडलेली आहे, पन्नास वर्षांपूर्वीची. म्हणजे लग्नाच्या पहिल्या वर्षातली. आजींनी नवऱ्याकडे बघितलं आणि तो जमिनीकडे बघत बसला. पन्नास वर्षं झाकलेलं एका मिनिटात उघडं. मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणून म्हणते, मला ते मशीन पसंत नव्हतं.

मग फेब्रुवारीत एका सोमवारी शालन नलवडे आल्या.

वय एकसष्ट, गाव बेडग, नवरा वारलेला. डोक्यावर पदर, नाकात चमकी. सोबत मुलगा संग्राम, पुण्यात नोकरी करणारा. शालनबाईंच्या डाव्या छातीत गाठ होती आणि ती कॅन्सरची आहे हे तपासून झालं होतं. काखेतही दोन गाठी होत्या. आता सीटी कशासाठी, तर कॅन्सर तिथेच थांबलाय की फुप्फुसांत, यकृतात, हाडांत पसरलाय हे बघायला. सगळा निकाल त्यावर असतो. पसरला नसेल तर ऑपरेशन, पुढची औषधं, आणि बाई बरी होऊन घरी. पसरला असेल तर मोठं ऑपरेशन करत नाहीत. औषधानं जमेल तेवढं रोखून धरायचं आणि दिवस मोजायचे.

"रंगाचं इंजेक्शन देते हं," मी म्हटलं. "अंग गरम होईल. लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही. घाबरायचं नाही."

"घाबरतीय कशाला? झाली तर तुमचंच मशीन भिजंल की!"

मला हसू आलं. असा पेशंट महिन्यातून एखादाच मिळतो.

दुपारी डॉ. सायली कुपवाडेंनी मला आत बोलावलं. बत्तीस वर्षांची हुशार पोर, सीटीच्या रिपोर्टवर तिची सही असते. आधी आमचा कॉम्प्युटर फोटो वाचतो, मग ती. कॉम्प्युटरनं वाचून लाल अक्षरात लिहिलं होतं: दोन्ही फुप्फुसांत बेचाळीस ठिपके, कॅन्सर पसरलेला, चौथी पायरी.

"अगं आई गं," एवढंच मी म्हणाले.

"थांबा, आवटीबाई. हे बघा." तिनं पंचांगाचं पान उघडलं. "बेचाळीसच्या बेचाळीस ठिपके एकाच वयाचे आहेत. छत्तीस वर्षं अकरा महिने. कॅन्सर असा पसरत नाही. आज एक, सहा महिन्यांनी दुसरा, वर्षानं चार, असा येतो. शिवाय फुप्फुसात कॅन्सर घेऊन कुणी सदतीस वर्षं जगतं का? २००१ च्या पहिल्या सहा-आठ महिन्यांत या बाईंच्या छातीत काहीतरी झालंय आणि भरून आलंय. या खुणा असाव्यात."

"मग लिही ना तसं! अडलंय कुठं?"

"लिहिता येत नाही. पंचांग अजून चाचणीवर आहे. नियम असा, की ते सांगतं त्या काळातला आजार कागदावर हवा, नाहीतर डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा. पेशंटचं स्वतःचं सांगणं धरत नाहीत. जगायच्या आशेनं माणूस काहीही शपथेवर सांगेल. दोन-तीन मिलिमीटरचे ठिपके, सुई घालून तुकडाही काढता येत नाही. टीबीची तपासणी आधीच झालीय, नाही निघाला. आणि फॉर्मवर पूर्वीचे आजार या रकान्यात लिहिलंय, काही नाही."

"तीन महिने थांबून परत बघितलं तर?"

"ठिपके थांबतील. पण छातीतली गाठ थांबेल का?"

शुक्रवारी अकरा वाजता डॉक्टरांच्या मंडळाची बैठक होती. तिथे शालनबाईंचं काय करायचं ते ठरणार. मधे तीन दिवस.

"तुम्ही बोला त्यांच्याशी," सायली म्हणाली. "मी विचारलं की 'काय न्हाई, काय न्हाई' एवढंच म्हणतात."

वॉर्डच्या दारातच संग्रामनं मला गाठलं. मोबाइलवर कॉम्प्युटरचा रिपोर्ट त्याला आधीच पोचला होता. डोळे सुजलेले. "आईला काही सांगू नका. मी तिला पुण्याला नेतो. जेवढे दिवस आहेत तेवढे सुखात जाऊ देत."

"आई तुझी आहे रे, पण छाती तिची आहे," मी म्हणाले. माझं तोंड असंच आहे. पण त्याला रडताना बघून मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पंचांगाचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं तीनदा विचारलं, "म्हणजे नसेलही?" मी तीनदा सांगितलं, "नसेलही."

शालनबाई खाटेवर पाय दुमडून बसल्या होत्या. मी स्टूल ओढलं. "आजारपण राहू दे. मला २००१ सालातलं काय काय आठवतंय ते सांगा. मी त्याच वर्षी इथं लागले, म्हणून विचारतेय."

"अगं बया, लई मागचं इचारलंत!" पण त्यांचा चेहरा उजळला. "माजं लगीन होऊन वरीस झालं व्हतं. आमचा पानमळा. मळ्यात चप्पल न्यायची न्हाई, बाहेर काडायची. सासू, थोरले दीर, जाऊ, आमी दोगं. जानेवारीत त्यो गुजरातचा भूकंप झाला बगा, तवा आमच्याकडं नवा रंगीत टीव्ही व्हता, सगळी आळी बगायला. जाऊ आन् मी पहाटं वेली बांधाय जायचो. तिनंच शिकिवलं मला. वेल घट्ट बांधायची न्हाई, अंगावरच्या पोराला धरतो तशी धरायची म्हनायची. टेपवर गाणी लावायचो. दीर ओरडायचा, बॅटरीचं सेल संपिवता म्हून. हसून हसून पोट दुखायचं आमचं."

त्या सांगत होत्या आणि मला माझं २००१ दिसत होतं. एसटीडी बूथवरची रांग, आईला केलेला पहिला फोन, बसस्टँडवरचं उसाचं गुऱ्हाळ. आम्ही दोघी अर्धा तास नुसत्या आठवणीच काढत बसलो. मी कशासाठी आले होते तेही विसरले.

"मग त्या वर्षी पाडव्याला काय केलंत? नवी सून, कौतुक असेल."

"कसलं कौतुक! गुढी न्हाई उभारली त्या साली. घरात फोडनीसुद्धा बंद व्हती नऊ दीस."

मी ताठ बसले. आमच्याकडे फोडणी कधी बंद करतात हे या भागात वाढलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. "शालनबाई, तुमच्या अंगावर आई आल्या होत्या?"

"व्हय. आळीतल्या पोरांच्या अंगावर आल्या, मग माज्या. अंगभर फोड. कडूनिंबाच्या पाल्यावर निजवलं व्हतं."

"अहो, मग आजार काही नाही असं का लिहिलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच वेडी. "आईनं अंगावर खेळून जायचं म्हंजे दुखनं व्हय? ती पावनी. तिला आजार म्हनायचं नसतंय. पाप लागतंय."

मी कपाळाला हात लावला. आमच्या कोट्यवधींच्या मशीनला हे कोण शिकवणार! आई येणं म्हणजे कांजिण्या. त्या लहानपणी आल्या तर अंगावरच्या अंगावर जातात. पण मोठेपणी, आणि त्यात बाई गरोदर असली, तर कधी कधी छातीत उतरतात. बाई जगलीच तर फुप्फुसांत बारीक बारीक खुणा राहतात आणि पुढे त्यात चुना भरतो. आमचा वाचणारा कॉम्प्युटर ज्या देशांतल्या फुप्फुसांवर शिकून आला, तिथे सगळ्यांना लहानपणीच लस. असली फुप्फुसं त्यानं पाहिलीच नव्हती. आणि आमच्या बायका त्याला आजार म्हणत नव्हत्या.

"त्या वेळी तुम्हाला दिवस गेले होते?"

"तिसरा म्हैना. गेलं ते."

"छातीत काही झालं होतं? दम? खोकला?"

"मला सुद कुटं व्हती? तापात चार दीस काय आठवत न्हाई."

"मग कुणी पाहिलं? तुमच्याजवळ कोण होतं?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सासू गेलेली. नवरा गेलेला. दीर गेलेला. उरली ती जाऊ, हौसाक्का. त्याच वर्षी घर वाटून घेतलं, अंगणात मधोमध भिंत घातली, आणि भिंतीच्या पलीकडे हौसाक्का आजही राहत होती. सदतीस वर्षांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"तिला मूलबाळ न्हाई. माजं बघवलं न्हाई तिला," शालनबाई म्हणाल्या. "मी बेसुद असताना दुदातनं कसली तरी पावडर पाजत व्हती. सासूनं, आत्याबाईंनी, सोता धरलं तिला. आई अंगावर असताना औशीद! आई कोपली न् माजं पोर घिऊन गेली. तिच्या तोंडच्या सबुदावर मला जगायचं असंल, तर नगं मला. मरते मी."

"आई!" संग्राम ओरडला.

"तू गप. तुज्या आदीचं हाय ते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि स्कूटरनं बेडगला गेले. नियमात बसत नव्हतं. चार महिन्यांनी रिटायर होणाऱ्या बाईला काय करणार आहेत?

हौसाक्का मळ्यात होती. मी चप्पल बाहेर काढली. आत हिरवा गारवा, वर वेलींच्या आधाराला लावलेल्या शेवरीच्या झाडांची सावली. सत्तरीची वाळकी म्हातारी अंगठ्याला लोखंडी नख लावून पानं खुडत होती. मी शालनबाईंचं नाव काढलं तेव्हा तिचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. गाठ, ठिपके, शुक्रवार.

ती वेलींच्या मधे खाली बसली. "मरंल व्हय वो ती?"

"तुम्ही पाहिलेलं सांगितलंत तर डॉक्टर बरं करायला ऑपरेशन करतील. नाही सांगितलंत तर नाही करणार."

"मला बगून उटून जाईल ती."

"गेली तर जाऊ दे. तुम्ही मंडळापुढं सांगायचं. तिला नाही."

हौसाक्कानं खुडलेली पानं सारखी केली. मग म्हणाली, "एक सांगा. सगळं सांगावं लागंल? औशीदाचंबी?"

"सगळं."

तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. तशीच परत आले आणि तीन रात्री नीट झोप लागली नाही. ती आली नाही तर? शुक्रवारी दहा वाजल्यापासून मी हॉस्पिटलच्या दारात उभी. पावणेअकराला एका जीपमधून ती उतरली. धुतलेलं लुगडं, हातात काही नाही.

बैठकीच्या खोलीत सायली होती आणि सर्जन डॉ. बारगीर. हे आमचे सगळ्यांत जुने डॉक्टर, कुणावर सहज विश्वास न ठेवणारे. शालनबाईंना संग्रामनं अक्षरशः दंडाला धरून आणलं होतं. हौसाक्का दिसताच त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खुर्ची फिरवून बसल्या. पण उठून गेल्या नाहीत.

"काय पाहिलंत ते सांगा, आजी," डॉ. बारगीर म्हणाले.

"हिच्या अंगावर आई आल्या. चवथ्या दिवशी दम लागला. बसून सुदिक श्वास घेता यीना. व्हट निळं पडलं. खोकल्यातनं रगत. आत्याबाई म्हनल्या, आई खेळतीया, हात लावायचा न्हाई. मी देवीला दहीभात घिऊन जाते म्हून घरातनं निगाले न् म्हैसाळच्या डाक्टरला घिऊन आले, मागच्या दारानं. आत्याबाई देवळात व्हत्या. त्येनं नळी लावून बगितलं. म्हनला, दोन्ही बाजूला छातीत उतरल्यात. दवाखान्यात न्या. कसं नेनार? कोन नेऊ देनार? मग त्येनं गोळ्या दिल्या."

"कसल्या गोळ्या?"

"नाव म्या काय वाचलं न्हाई. मोट्या व्हत्या, गिळवत न्हवत्या तिला. कुटून दुदातनं द्यायची. दिवसातनं पाच येळा. डाक्टर म्हनला, पाच म्हंजे पाचच, एक चुकवायची न्हाई." तिनं बोटांवर मोजलं. "झुंजुरकं, न्याहारीला, दुपारी, दिवं लागल्यावर, न् निजताना."

डॉ. बारगीरांनी चष्मा काढला. "पाच वेळा? नक्की?"

"सात दीस दिल्यात. आत्याबाईंनी धरलं ते शेवटल्या दिवशी. इसरंन कशी?"

बारगीर सायलीकडे बघून म्हणाले, "त्या काळात कांजिण्यांवर एकच गोळी होती, दिवसातून पाच वेळा द्यायची. ही गोष्ट घरात बसून रचता येत नाही." सायली लिहूच लागली होती. माझ्याकडून कांजिण्यांचं कळल्यावर तिनं रक्त तपासायला आदल्या दिवशीच पाठवलं होतं. कांजिण्या होऊन गेल्याचा पुरावा त्यात निघाला होता. काळ पंचांगानं सांगितला, छातीचं हौसाक्कानं. बैठकीत ठरलं: ठिपके जुने. दुसरी पायरी. ऑपरेशन पुढच्या बुधवारी, बरं करण्यासाठी.

संग्राम मटकन खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. माझ्याही डोळ्यांना धार लागली. साठीला आलेली बाई मी, भर बैठकीत नाक ओढत होते.

पण हौसाक्का उठली नाही. "डाक्टरीनबाई, एक इचारू?" तिनं हात जोडले. "डाक्टर तवा म्हनला व्हता, गोळ्या न्हाई दिल्या तर ही जाईल. पोटातल्याचं सांगता येत न्हाई म्हनला. म्या हिला धरलं. दोन दिसांनी पोर गेलं. सदतीस वरसं मी रोज निजताना इचार करते. ते माज्या गोळ्यांनी गेलं का?"

सायली खुर्ची सोडून तिच्यापाशी आली, खाली बसली. "नाही, आजी. त्या गोळ्यांनी मूल जात नाही, हे आता पक्कं माहीत आहे. इतका ताप आणि श्वास नाही, त्यात ते टिकणं कठीणच होतं. तुम्ही गोळ्या दिल्या नसत्या तर दोघंही गेली असती."

"म्हंजे म्या न्हाई घालिवलं?"

"नाही. तुम्ही एकीला वाचवलंत."

हौसाक्कानं डोळे मिटले.

शालनबाईंनी खुर्ची फिरवली. सदतीस वर्षांनी त्या जावेशी पहिल्यांदा बोलल्या. "का न्हाई सांगितलंस मला? एवडी वरसं मी तुला भिंतीवरनं शिव्या घालत बसले. ऐकत व्हतीस की न्हाई?"

"ऐकत व्हते."

"मग?"

"काय सांगू, शालन? दोष कुनावर तरी जायचाच व्हता. आत्याबाईंवर गेला असता, तुज्या नवऱ्यावर गेला असता. तुला त्या घरात नांदायचं व्हतं, म्होरं पोरं व्हायची व्हती. मला काय, माजं नांदून झालंच व्हतं."

शालनबाई उठल्या. हौसाक्काच्या पाठीत त्यांनी एक चापट मारली, चांगली सणसणीत. "मुडदा बशिवला तुज्या शानपनाचा! सदतीस वरसं, अक्का! सदतीस वरसं मी एकटीनं वेली बांदल्या." आणि तिच्या गळ्यात पडून त्यांनी असा हंबरडा फोडला, की बाहेरची सिस्टर धावत आली. मी तिला हातानंच परत पाठवलं. डॉ. बारगीर उगाचच कागद चाळत होते.

शांत झाल्यावर संग्रामनं नाक पुसलं आणि तो कामाचं बोलायला लागला. "ऑपरेशननंतर सहा महिने औषधं आहेत, आई. तुला एकटं ठेवता येणार नाही. पुण्याला माझ्याकडे चल, मी खोली करून ठेवतो."

"मी कुटं येत न्हाई," शालनबाई म्हणाल्या. हौसाक्काचा हात त्यांनी सोडला नव्हता. "मला हिच्याकडं सोड. दुखन्यातनं मला कसं उटवायचं हे हिला एकटीलाच म्हाईत हाय."

"आगं, पर तुज्या घरातनं माज्या घरात यायचं म्हंजे आळीला येढा घालून यावं लागतंय," हौसाक्का म्हणाली. "तुला चालवायचं न्हाई तेवडं."

शालनबाईंनी मुलाकडे बघितलं. "संग्राम, बुधवारच्या आत गवंडी बघ. भिंत पाडायची हाय."